केसरीच्या नावावरची लाल रेघ

इरा, नील,

दिवाळीच्या थोडं आधी इराने शाळेच्या कामासाठी मला फोनवर विचारलं होतं, "आजी, तू आणि आजोबांनी देशासाठी काय केलं?" मी भाजी निवडत होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "आजोबांनी रस्ते बांधले आणि मी मुलांना शिकवलं." इराने ते लिहून घेतलं आणि तिच्या बाईंनी त्यावर छान असा शेराही दिला. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. हे मला पुढच्या काही आठवड्यांतच कळलं, आणि अर्धं उत्तर तसंच टाकून देण्याची मला सवय नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे. आईकडून वाचून घ्या, पण तिला मधली पानं गाळू देऊ नका.

आधी थोडं मागचं सांगते. लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. नागपुरात इंग्रजी शाळेत आणि मग कॉलेजात शिकलेली, चहा कपबशीतूनच पिणारी. आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांची बदली यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीला झाली. वर्षं दुष्काळाची होती. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारने रस्ते काढले होते. आर्णीहून आत, एका तांड्यापर्यंत जाणारा रस्ता आजोबांच्या देखरेखीखाली होता. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे. तो व्यवसाय गेला तशी ते एका जागी राहून शेती करू लागले. त्या तांड्यावरच्या शाळेत शिक्षक टिकत नव्हता. मी अर्ज केला आणि दोन वर्षं तिथे शिकवलं. संध्याकाळी कंदिलाच्या एका बाजूला आजोबा रस्त्याचा नकाशा पसरायचे, दुसऱ्या बाजूला मी हजेरीपट. आपल्या हातून देश घडतो आहे असं आम्हा दोघांनाही वाटायचं, आणि ते मोठ्याने बोलायला आम्ही लाजत नव्हतो. मग तुमच्या बाबाचा जन्म झाला, बदली झाली, आणि तांडा मागे राहिला.

दिवाळी संपता संपता एका अनोळखी बाईंचा फोन आला. "मॅडम, मी वनिता. तांड्यावरच्या शाळेत शिक्षिका आहे. जुनं कपाट आवरताना तुमच्या हातचं रजिस्टर सापडलं. सहीवरून नाव कळलं. आर्णीत विचारत विचारत नंबर मिळवला. आमच्या याडीला तुम्हाला भेटायचं आहे." बंजारा लोकांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मी कॅलेंडर बघितलं, गोळ्या मोजून डबीत भरल्या आणि पुढच्या सोमवारी निघाले.

सोमवार, आर्णीपर्यंत आणि पुढे

नागपूरहून सकाळची एसटी पकडली. वर्धा मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली. बोंडं फुटली होती. सोयाबीन निघून गेलेल्या रानात ढेकळं होती आणि मधून मधून तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांवर आल्या होत्या. यवतमाळच्या स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. इथे तो कोरडा देत नाहीत, वर झणझणीत तर्री ओततात. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा शेजारी बसलेल्या बाईने न विचारता आपली पाण्याची बाटली पुढे केली.

आर्णीला उतरले. बस सुटून वळणाआड गेली आणि मग मला दिसलं की माझ्या हातात एकच पिशवी आहे. दुसरी बसमध्येच राहिली होती. तिच्यात तांड्यावरच्या मुलांसाठी नागपुरात निवडून घेतलेली इंग्रजी चित्रांची पुस्तकं होती. त्या पुस्तकांचा मला प्रवासभर अभिमान वाटत होता. सगळ्या गोष्टी यादी करून नेणारी तुमची आजी स्टँडवर तोंड पाडून उभी होती, तेवढ्यात स्कूटी घेऊन वनिता आली. चाळिशीच्या आतली, उन्हाने रापलेली, बोलायला चटपटीत. तिने आधी कंडक्टरला निरोप धाडला आणि मग मला म्हणाली, "मॅडम, एका साइडनं नोका बसू. दोन्हीकडं पाय टाका. खड्डे हायेत."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी साडी आवरून मी पहिल्यांदा अशी स्कूटीवर बसले. नीलने हसू नये.

रस्ता डांबरी होता, पण वळणं मी ओळखली. नाल्यावरची मोरी, पळसांची रांग. मी वनिताच्या कानाशी ओरडून सांगितलं, "हा रस्ता आमच्या ह्यांनी बांधला!"

ती हसली. "आमची याडी म्हनते, तिनं बांधला!"

मला वाटलं, थट्टा आहे. मीही हसले.

तांडा आता पक्क्या घरांचा झालेला दिसला. दारात मोटारसायकली, घराघरावर टीव्हीच्या थाळ्या. वनिताच्या दारात तिची आई उभी होती. साठीची, काटक, पांढरे केस घट्ट बांधलेले, सुती साडी. मी नमस्कार करायच्या आधीच ती दोन्ही हात बाजूला सरळ ठेवून ताठ उभी राहिली आणि म्हणाली,

"हजर, बाई."

मी ओळखलं नाही. तिने ते लगेच ताडलं. "मी केसरी. नाई वळखलं? राहू द्या. हात धुवा, बाटी गरम हाये."

बाटी म्हणजे ज्वारीची भाकरी. तिच्यासोबत अंबाडीची भाजी, वर तेलात परतलेला लसूण, आणि ठेचा. मी दोन खाल्ल्या. घरी मी अर्धीवर थांबते.

मंगळवार, शाळा

माझ्या वेळी शाळा म्हणजे एक खोली आणि कडुनिंब. खोली गळायला लागली की वर्ग निंबाखाली. आता दोन खोल्या आहेत, भिंतीवर रंगवलेली बाराखडी आहे, एक टीव्ही आहे. टीव्हीवर पाढ्यांचं गाणं लागलं आणि सात चोकला वीज गेली. पोरांनी अजिबात न थांबता पुढचं गाणं तोंडाने म्हटलं. पटावर सतरा मुलं, त्यांत मुली नऊ. पहिलीतल्या मुलांशी वनिता त्यांच्या घरच्या बोलीत बोलते आणि हळूहळू मराठीवर आणते. मी माझ्या वेळी ती बोली वर्गात बंद केली होती. वनिताने मला यावरून काही ऐकवलं नाही. ऐकवायला हवं होतं.

मधल्या सुट्टीत तिने रजिस्टर पुढे ठेवलं. कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, पण अक्षर माझं, तिरपं आणि सुबक. एकतीस नावं. वनिता बोट ठेवून सांगत गेली. हा एसटीत कंडक्टर झाला, आता रिटायर आहे. ह्याची मुलगी वणीकडे नर्स आहे. हा पोलिसात होता. हा शेतीच करतो, पण त्याने तांड्यावर पहिली विहीर बांधली आणि सरकारी कागद सगळ्यांना वाचून दाखवतो. मी खुर्चीत जरा सरळ बसले. इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पानावर दिसत होतं, माझ्याच अक्षरात.

त्याच पानावर खाली एका नावावर लाल रेघ होती. केसरी, इयत्ता दुसरी. पुढे शेरा: सतत गैरहजर, नाव कमी केले. खाली माझी सही.

मी पान तसंच धरून बसले. केसरी शाळेच्या खिचडीचं पातेलं घासायला मदतीला ओट्यावर आली होती. तिने तिथूनच विचारलं, "सापडली का बाई मी?"

"तू यायची का बंद झालीस?"

"तुमी तवा नाई विचारलं, आता विचारून राह्यल्या," ती हसत म्हणाली. त्या हसण्यात राग नव्हता, पण ती मला सोडणारही नव्हती. पदराला हात पुसून ती उंबऱ्यावर बसली. "दुष्काळ व्हता. माय-बाप रस्त्याच्या कामावर. बाप खडी फोडे, माय पाट्या वाहे. भाऊ सा महिन्याचा. पळसाले झोळी बांधली व्हती. म्या झोका द्याचा. मोठी जबाबदारी व्हती जी माह्यावर."

"कुठल्या रस्त्यावर?"

"कुठल्या म्हनजे? तुमी काल आल्या नं, त्याच. साहेबाच्या रस्त्यावर." मग जरा थांबून, "तुमी बी आलत्या एकदा, साहेबासंगं, जीपमंदी. म्या तुमाले पाह्यलं अन् झाडामांगं लपली. वाटलं, साळेत आली नाई म्हून बाई मारतीन."

मला ती जीप आठवते. त्या दिवशी मी कोणती साडी नेसले होते तेही आठवते. पळसाच्या झाडामागचं काहीच आठवत नाही.

आजोबांचा दोष नव्हता. त्या रस्त्याने त्या वर्षी कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या. तुमचे आजोबा उन्हात उभे राहून मजुरांसाठी पाण्याचे पिंप मागवत असत, हे मी पाहिलेलं आहे. माझाही दोष म्हणावा तर नियमाप्रमाणेच वागले मी. पण आम्ही दोघं एकाच कंदिलाशी बसून देश घडवत होतो. त्यांच्या नकाशावर माझ्या वर्गातली एक मुलगी झोका देत उभी होती, आणि माझ्या हजेरीपटावर तिच्या नावासमोर आडव्या रेघा वाढत होत्या. दोन कागद कधी शेजारी ठेवून बघितले नाहीत.

"मग वाचायला कुठे शिकलीस?" मी विचारलं, कारण भिंतीवरची सूचना तिने मघाशी घडाघडा वाचली होती.

"वनिता पहिलीत गेली, तवा तिच्यासंगं म्या बी पहिली केली. तिच्यासंगंच चौथी केली. पाचवीले ती आर्णीत गेली, मंग माह्यी साळा सुटली."

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आज्यांची पंगत बसली. ही वनिताने आणि केसरीने काढलेली तोड. दिवाळीनंतर तांड्यावरची बरीच जोडपी ऊसतोडीला लांब पश्चिमेकडे जातात आणि होळीच्या सुमाराला परततात. पूर्वी मुलंही सोबत जायची आणि शाळा अर्ध्यावर तुटायची. आता ज्या मुलाची आजी तांड्यावर आहे, ते मूल, मुलगी असो की मुलगा, आजीजवळ मागे राहतं. एकटीने चूल पेटवून कंटाळू नये म्हणून पाच आज्या आपापली बाटी घेऊन संध्याकाळी ओट्यावर एकत्र जेवतात. भाजी एकाच पातेल्यात. जेवण झालं की मुलं पाळीपाळीने आज्यांना वाचून दाखवतात. त्यांतली सोनाबाई, तांड्यावर काचांचा घागरा अजून घालणारी एकटीच म्हातारी, मला म्हणाली, "तुमी बी आजीच नं बाई? मंग पंगतीत बसा. बाटी थापता येते का?"

मी थापली. ती तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले.

"नागपूरची बाटी तीन मजल्याची राह्यते वाटते," सोनाबाई म्हणाली, आणि सगळ्या आज्या मागे रेलून हसल्या.

त्या संध्याकाळी वाचायची पाळी पायलची होती. चौथीतली, दोन वेण्या, आवाज खणखणीत. गोष्टीतला वाघ बोलायला लागला की ती खरंच आवाज जाड करायची. निम्म्यावर पुस्तक मिटून म्हणाली, "बाकीचं तुमीच वाचा. मी शुक्रवारी जाऊन राह्यली."

आज्या उष्टी ताटं गोळा करायला लागल्या. वनिताने नंतर सांगितलं. पायलची आजी गेल्या पावसाळ्यात वारली. पायलला जेवायला घालायला पाचही आज्या तयार आहेत, प्रश्न तो नाही. तिला दीड वर्षाचा भाऊ आहे. आई-बाप दोघंही उसात असताना त्याला सांभाळायला पायल हवी. "मागच्या वर्षी दोन पोरी अशाच गेल्या, मॅडम. होळीला घरी आल्या, शाळेत नाही आल्या. नावं अजून पटावर ठेवली आहेत मी."

ट्रक शुक्रवारी सकाळी येणार होता.

बुधवार, पांढरं रान

मी ठरवलं की पायलच्या आईशी मीच बोलते. आयुष्यभर पालकांशी बोलत आले आहे.

तिची आई रेखा कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, हात इतके झरझर चालत होते की बोंडाला हात लागला कधी आणि सुटला कधी ते कळत नव्हतं. बांधाजवळ मांडलेल्या दगडांशी वाळलेल्या दहीभाताची शितं होती. पहिल्या वेचणीआधी इथे शेतात दहीभात वाहतात. बाळ तुरीच्या सावलीत झोपलं होतं. मीही वेचायला लागले. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, हे चार बोंडांतच कळलं.

मी बोलले. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, मुलीची हुशारी सांगितली, देश मुलींच्या शिकण्याने पुढे जातो हे सांगितलं. शेवटी म्हणाले, "तसं वाटलं तर मी पायलला नागपूरला नेते. माझ्याकडे राहील, चांगल्या शाळेत घालते."

रेखाचे हात थांबले नाहीत. "तुमी उसाच्या फडावर आल्या का कदी, बाई?"

"नाही."

"अंधाऱ्यात जा लागते. पाचटात साप राह्यते. लेकरू मोळीपाशी ठेवलं तं टॅक्टर मांगं घेणाऱ्याले दिसत नाई. मागल्या साली आमच्या बाजूच्या खोपीतलं..." ती तिथेच थांबली. ओटीतला कापूस तिने खाली दाबला. "साळा काहून महत्त्वाची हाये, ते मले समजते. मी सातवी झाली हावो. पन सांगा तुमी. पायलले ठेवू का बाळाले?"

मी तिला देश सांगत होते आणि ती मला ट्रॅक्टरचं मागचं चाक सांगत होती. परत येताना माझ्या बोटांना रक्त आलं होतं आणि वनिता विचारत होती, "काय म्हणाली?" मी म्हणाले, "बरोबर म्हणाली."

आर्णीहून माझी पिशवी आली होती. कंडक्टरने ती परतीच्या फेरीत स्टँडवरच्या चहावाल्याकडे दिली, चहावाल्याने दूधवाल्याकडे. पुस्तकं सगळी होती. वर ठेवलेला चिवड्याचा पुडा मात्र वाटेत कुणीतरी चाखलेला होता.

गुरुवार, पंगत

संध्याकाळी ओट्यावर रेखा आणि तिचा नवराही आले होते, वनिताने शिवून ठेवलेले पायलचे कपडे न्यायला. केसरी भाजी वाढत होती. वाढता वाढता, मीठ हवंय का असं विचारावं तशा आवाजात म्हणाली,

"पायल राह्यते. मी जातो."

"कुठं?" वनिताने विचारलं.

"फडावर. बाळाले सांबाळाले."

एकदम सगळे बोलायला लागले. वनिताचा आवाज सगळ्यांवर चढला. "याडी, बह्याड झाली का? साठ वर्षांची तू! खोपीत राह्यशील? लोक काय म्हनतीन? मॅडमची माय ऊसतोडीले गेली म्हनतीन!"

"म्हनू दे. मी तोडाले चालली का? मी तं झोका द्याले चालली."

"तुझे गुडघे?"

"झोका हातानं देतेत."

रेखा संकोचून म्हणाली, "काकू, तुमच्यानं नाई होत ते."

"मले सवय हाये, माय," केसरी म्हणाली. "सात वर्साची व्हती तवापासून." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तवा माह्या ठिकानी झोका द्याले एखादी म्हातारी असती, तं म्या बी दुसरी पास झाली असती. नाई का?"

मी मान हलवली.

वनिता ओट्यावरून उठून आत गेली. केसरी वाढतच राहिली. थोड्या वेळाने वनिता बाहेर आली ती हातात एक घोंगडी आणि आपला जुना मोबाइल घेऊन. दोन्ही आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "रोज फोन कराचा. एक दिवस चुकला तं मी घ्याले येईन."

"हो, मॅडम," केसरी म्हणाली, आणि सोनाबाई खो खो हसली. "घ्या! आता पंगतीत आजी कमी झाली. नागपूरवाली, तुमालेच या लागते. पन बाटी आमी थापू!"

शुक्रवार, सकाळी

ट्रक वेळेवर आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, बांधलेल्या ताडपत्र्या, वर माणसं. रेखाने पायलच्या वेण्या पुन्हा एकदा सोडून घातल्या, नीट असूनही. पायल रडत नव्हती. तिने बाळाला वाघाचा आवाज काढून दाखवला, बाळ हसलं आणि मग रेखा रडली.

केसरीने माझ्या पिशवीतली पुस्तकं मागितली. "पायलले इथं साळेतली हायेत. फडावर दुसरे पोट्टे राह्यतेत, त्याइले काईच नसते. इंग्रजी कोनाले येते तिथं? पन चित्र तं साऱ्याइले समजते." मी पुस्तकं काढून दिली. नागपुरात मी ती पुस्तकं कोणत्या इयत्तेसाठी आहेत याचा फार विचार केला होता.

ट्रकवर चढून बाळाला मांडीत घेतल्यावर ती वाकून म्हणाली, "बाई, आता माह्यं नाव नोका काटू."

ट्रक तुमच्या आजोबांच्या रस्त्यानेच गेला. पळसांच्या रांगेपर्यंत दिसत होता.

नंतर

मी दुपारच्या एसटीने परतले. दोन्ही पिशव्या जवळ होत्या, एक रिकामी. सोनाबाईचं बोलावणं मी थट्टा म्हणून सोडलं नाही. पुढच्याच महिन्यात एक आठवडा तांड्यावर राहून आले. त्या रविवारी तुमचा फोन उचलला नाही, तो पंगतीत बसले होते म्हणून. माझी बाटी आता दोनच तुकड्यांत मोडते.

पंगत संपली की व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवतात. पलीकडे खोपीच्या उजेडात केसरी आणि बाळ, आणि त्यांच्याभोवती फडावरची पाच-सहा मुलं दाटीवाटीने बसलेली. इकडून पायल वाचते. वाघ बोलायला लागला की पलीकडची मुलंही वाघ होतात. मग केसरी त्यांच्याकडून चित्रांच्या पुस्तकातल्या मोकळ्या जागेत मराठी अक्षरं गिरवून घेते, चौथीपर्यंत ती शिकली तेवढी. तिचे गुडघे दुखतात, हे तिने अजून कबूल केलेलं नाही. वनिता विचारायची थांबलेली नाही.

इरा, तुझ्या वहीत जागा असेल तर एक ओळ वाढव. आजोबांनी रस्ता बांधला, आजीने शाळा चालवली, आणि तो रस्ता व्हावा म्हणून सात वर्षांच्या एका मुलीने ती शाळा सोडून झोका दिला. तिचं नाव लिही. केसरी.

रस्ता आहे. दरवर्षी डांबर उखडतं, पण वळणं तीच आहेत. रजिस्टर कपाटात आहे आणि त्यातली लाल रेघही आहे. चालू हजेरीपटावर सतरा नावं आहेत. पायलचं नाव त्यात आहे, आणि काल ती हजर होती.